धुऊन ठेवलेली भिंत

न्यू जर्सीतल्या गारफिल्ड या गावात घरांची तळघरे तपासण्याचे काम काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीकडे उपकंत्राटाने आले होते. त्यातले एक तळघर अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून त्याविषयी एकदा नीट लिहून काढतो आहे.

डिसेंबर 1983 मध्ये ई. सी. इलेक्ट्रोप्लेटिंग या कारखान्याच्या टाकीतून 3,640 गॅलन क्रोमिक आम्ल जमिनीत झिरपले. त्यातले जेमतेम तीस टक्के परत उपसता आले आणि पुढे फारसे काही हाती लागत नाही म्हणून 1985 मध्ये राज्य सरकारच्या संमतीने उपसा थांबला. हा कारखाना वस्तीच्या मधोमध होता. उरलेले क्रोमियम भूजलाबरोबर घरांखालून पसेइक नदीच्या दिशेने सरकत राहिले आणि 1993 मध्ये अग्निशमन केंद्राच्या तळघरात वर आले. पिण्याचे पाणी नळाने बाहेरून येत असल्यामुळे त्याला धोका नव्हता. धोका होता तो तळघरात झिरपून वाळणाऱ्या पाण्याचा, कारण मागे उरणाऱ्या भुकटीतले षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे या धातूचे घातक रासायनिक रूप, श्वासावाटे गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तसाच तो तिथल्या जुन्या तळघरांनाही लागतो आणि पांढरा असेल तर त्याची कोणी दखल घेत नाही. आम्ही शोधत होतो तो पिवळट किंवा हिरवट झाक असलेला लोणा. क्रोमिक आम्ल काँक्रीटमधल्या चुन्याला भेटले की क्रोमेट तयार होते आणि क्रोमेटचा रंग पिवळा असतो. तरीही नुसत्या रंगावर कोणी विश्वास ठेवत नाही. भिंतीवर दहा सेंटिमीटर चौरसाची चौकट धरायची, शुद्ध पाण्याने ओलावलेला फिल्टर आधी आडवा आणि मग उभा पुसायचा, बाटली बर्फात ठेवायची, दर नमुन्याला हातमोजे बदलायचे आणि एक कोरा फिल्टर नुसताच हवेत धरून तोही प्रयोगशाळेला पाठवायचा. हे काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे. नमुना कुठून घ्यायचा हे मात्र कोणतीही नियमपुस्तिका शिकवत नाही. जमीन आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी आधी येते, आणि बॉयलरमागची भिंत गरम राहते म्हणून तिथे ते सर्वांत लवकर वाळते.

हे घर पोलंडहून आलेल्या एका आजींचे होते. गारफिल्डमध्ये पोलिश वस्ती मोठी आहे. आम्ही जिना उतरलो तेव्हा खाली साबणाचा वास येत होता, फरशी ओली होती आणि भिंती खरवडून घासलेल्या होत्या. सरकारी माणसे येणार म्हणून आजींनी आदल्या दिवशी सगळे तळघर धुऊन काढले होते. त्या म्हणाल्या, “तुम्हाला असल्या घाणीत कशी उभी करू? भिंतीवर पिवळे काहीतरी होते, तेही घासून टाकले.” माझ्याबरोबरचा तंत्रज्ञ हसला. मला हसू आले नाही. आजींना आलेले पत्र आमच्याच कंपनीने लिहिले होते. त्यात भेटीची वेळ, ओळखपत्रे, पाळीव प्राणी असे सगळे होते; तळघर झाडू नका, पुसू नका, हे कुठेही नव्हते. पत्र लिहिणाऱ्याने कधी पाहुण्यांसाठी घर आवरलेले नसावे.

मी नेमून दिलेल्या जागांचे नमुने घेतले आणि शिवाय बॉयलरमागे, आजींचा ब्रश पोचला नव्हता तिथे, हात घालून एक जादा नमुना घेतला. नेमलेल्या जागांवर काही सापडले नाही. जादा नमुन्यात क्रोमियम निघाले. आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की त्या जागी माणसाचा हात जात नाही, त्यामुळे तो संपर्क धरता येणार नाही. कागदावर ते बरोबरही होते, कारण सगळी मोजणी माणसाच्या संपर्काची होती, भिंतीमागच्या पाण्याची नव्हती. मी नोंदवहीत साबण, ओली फरशी आणि खरवडलेली भिंत हे सगळे शब्दशः लिहिले, आणि त्या नोंदीच्या बळावर पावसाळी दिवसांत, भूजल वर आल्यावर, फेरतपासणी मंजूर झाली. तेव्हा सांध्यातून पिवळे स्फटिक उघड दिसत होते.

तळघर स्वच्छ करून भिंतींना लेप देण्याचे ठरले. आजींनी एकच प्रश्न विचारला, “आणि खालचे पाणी कधी?” त्याचे उत्तर रसायनशास्त्रात नव्हते, जमाखर्चात होते. दूषित जागा साफ करण्यासाठी अमेरिकेने केलेल्या 1980 च्या सुपरफंड कायद्यात दोन वेगळे खिसे आहेत. तातडीच्या कामासाठी पैसा लवकर मिळतो, पण एरवी त्याला बारा महिने आणि वीस लाख डॉलर ही मर्यादा असते. कायमच्या कामासाठी जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीत असावी लागते आणि खर्चाचा दहा टक्के वाटा राज्याने उचलावा लागतो. प्रदूषण करणारा पैसे देऊ शकत नसेल तेव्हा उपयोगी पडावा म्हणून तेल आणि रसायनांवर जो कर होता, तो 1995 मध्ये संपला आणि अमेरिकी संसदेने त्याचे नूतनीकरण केले नाही. गारफिल्ड 2011 मध्ये यादीत आले, 2012 मध्ये कारखान्याची इमारत पाडली गेली, 2016 मध्ये भूजलात रसायन सोडून षट्‌संयुजी क्रोमियमचे कमी घातक त्रिसंयुजी रूप करण्याची सुमारे 3.7 कोटी डॉलरची योजना ठरली, आणि मग ती योजना पैशाची वाट पाहत राहिली. भिंत पुसायला पैसे होते, भिंत ओली करणारे पाणी शुद्ध करायला नव्हते. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातून सुपरफंडला साडेतीन अब्ज डॉलर मिळाले, तेव्हा रखडलेल्या 49 जागांच्या पहिल्या यादीत गारफिल्डचे नाव आले. रसायनांवरचा कर जुलै 2022 पासून पुन्हा लागू झाला. याला दिरंगाई म्हणणे मला अपुरे वाटते. कर संपू देणे हा एक निर्णय होता आणि त्याची किंमत कोणाच्या तळघरात वसूल होणार हे ठाऊक असण्याइतकी माहिती सरकारजवळ होती.

जुलै 2025 मध्ये भारतातही दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित झाले, तेव्हा पुण्यातल्या माझ्या एका अभियंता मित्राने ते मला वाचायला पाठवले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासन देणार, प्राथमिक तपासणीला नव्वद दिवस, खर्च दोषी व्यक्तीकडून, आणि ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली तर केंद्र व राज्याकडून. देशात अशा 103 जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या केवळ सात ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. मी मित्राला दोन गोष्टी कळवल्या. जागा दूषित ठरवायला या नियमांत मुदत आहे, ती स्वच्छ करून संपवायला नाही. तेव्हा पैशाचे कलम अर्थसंकल्पात दरवर्षी दिसेल याचा आग्रह आत्ताच धरावा. आणि घरमालकांना जे पत्र जाईल त्यात पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहावे की आम्ही येऊन जाईपर्यंत काहीही धुऊ नका.