दुखतं नडगीत, तेल पोटरीला

दिवे घाट चढताना जो तो पोटऱ्यांच्याच नावानं कण्हत असतो. बरोबरच आहे म्हणा. चढावर टाच उचलून अख्खं अंग पुढे रेटायचं काम पायाच्या मागच्या कप्प्याचं, म्हणजे एका आवरणात बांधलेल्या स्नायूंच्या गटाचं. त्यात वर दिसते ती पोटरी आणि तिच्याखाली दडलेला सोलियस नावाचा चपटा स्नायू. पोटरीचा स्नायू मांडीच्या हाडापासून निघतो, सोलियस गुडघ्याखालून. गुडघा वाकला की पोटरी सैल पडते, म्हणून गुडघा वाकवून चढताना सोलियसच जास्त राबतो.

मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे दिंडीत माझी सुटका नसते. सासवडच्या मुक्कामी एक आजोबा पाय दाबून घेत होते. पोटऱ्यांत तेल जिरलं, कण्हणं काही थांबेना. "माऊली, दुखतंय तिथं कुणी हातच लावंना," म्हणाले आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला बोट टेकवलं.

तो पुढचा कप्पा. टाच टेकली की पाऊल आपटू न देता अलगद खाली सोडायचं, लगेच पुढच्या पावलाला ते वर उचलायचं, हे तिथले स्नायू करतात. डांबरी रस्त्यावर दिवसभर तेच. गुडघ्याखाली असे चार कप्पे: पुढचा, बाहेरचा, मागचा वरवरचा आणि मागचा खोलवरचा. प्रत्येकाभोवती चिवट आवरण. चालून स्नायू फुगतो, आवरण फारसं ताणत नाही, मग आत दाब वाढतो. पुढच्या कप्प्याला तर एका अंगाला नडगीचं हाड, मागे दोन हाडांमधला पडदा. फुगणार कुठे?

आजोबांच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मी गवताची काडी फिरवली. या कप्प्यातून जाणारी नस तिथली जाणीव सांभाळते. दाब फार वाढला तर ती जागा बधिर होते. "गुदगुल्या होतात की!" आजोबा हसले. पाऊल त्यांनी आपण होऊन वर उचललं, मी खाली ओढलं तरी कळ वाढली नाही. मी निर्धास्त झाले. आवळून बांधलेलं क्रेप बँडेज मात्र सोडायला लावलं.

हीच नडगी मार लागून टणक झाली असती, बसल्यावरही कळ वाढत गेली असती, बोटं ओढताच जीव कळवळला असता, तर चोळत बसायला वेळच नव्हता. थेट रुग्णवाहिका. अशा वेळी काही तासांत स्नायू मरू लागतात. सर्जन आवरण चिरून दाब मोकळा करतात.

"उद्या पावलं लहान टाका, वेग कमी ठेवा," मी म्हटलं.

"ते विणेकऱ्याला सांगा. मी त्याच्या मागनं चालतो."