यादीत नसलेले सभासद

हौशी आकाशनिरीक्षकांची एक मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेलं पत्र सगळ्या सभासदांना पोचवणारी सोय, नव्या सर्व्हरवर हलवायचं काम माझ्याकडे आलं ते 2003 मध्ये. लिस्ट एका शिक्षणसंस्थेच्या मशीनवर चालायची, तीही तिथल्या एका सिस्टिम ॲडमिनच्या भलेपणावर. ते आता निवृत्त होणार होते आणि मशीन त्यांच्याआधीच भंगारात निघणार होतं. लिस्टवर रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी यायच्या, दुर्बिणींच्या आरशांवरून वाद व्हायचे, मधूनच कोणी जुनी आयपीस विकायला काढायचा. असे सगळे मिळून साडेपाचशेच्या आसपास सभासद. निदान फाइलमध्ये तेवढे पत्ते होते.

जुनं सॉफ्टवेअर मेजरडोमो. ब्रेंट चॅपमन यांनी 1992 मध्ये पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. त्याचा सगळा कारभार मेलवरच चालायचा. सभासद व्हायचं तर एका पत्त्यावर 'सबस्क्राइब' लिहून पाठवायचं, निघायचं तर 'अनसबस्क्राइब'. हा दुसरा शब्द दर महिन्याला कोणीतरी चुकून सगळ्या लिस्टला पाठवायचाच, आणि मग त्याला समजावणारी पाच पत्रं यायची. सभासदांची यादी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीवर एक पत्ता. नव्या जागी मेलमन हे दुसरं लिस्ट-सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं होतं. त्याची 2.1 ही आवृत्ती नुकतीच आली होती. ते पायथन भाषेत होतं आणि वेबपानावरून चालवता यायचं. लिस्ट सांभाळणाऱ्या बाईंना कमांड लिहायचा कंटाळा होता, त्यामुळे या मुद्द्यावर चर्चाच झाली नाही.

खरा वेळ खाल्ला तो जुन्या पत्रसंग्रहाने. सगळी पत्रं एमबॉक्स पद्धतीने, म्हणजे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक साठवलेली होती. या पद्धतीत ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' आणि पुढे मोकळी जागा आली की तिथून नवं पत्र सुरू झालं असं धरतात. शहाणं सॉफ्टवेअर मजकुरातल्या अशा ओळीच्या आधी '>' हे चिन्ह लावून ठेवतं. सुरुवातीच्या वर्षांत इथे ते कोणी लावलेलं नव्हतं. एका निरीक्षकाने 'फ्रॉम माय टेरेस' अशी परिच्छेदाची सुरुवात केली होती. त्याचं पत्र तिथेच दुभंगलं आणि उरलेला अर्धा भाग ना नाव ना तारीख अशा अवस्थेत संग्रहात पडला. मेलमनसोबत अशा ओळी शोधायला 'क्लीनआर्क' नावाची स्क्रिप्ट मिळायची. तिने बरंच निस्तरलं, बाकीचं हाताने.

डायजेस्टवाले, म्हणजे बरीच पत्रं एका गठ्ठ्यात घेणारे, सभासद मेजरडोमोत वेगळ्याच लिस्टमध्ये असतात, मेलमनमध्ये ती प्रत्येकाच्या नावापुढची एक खूण असते. काही मंडळी दोन्हीकडे होती. त्यांचं बाईंनी ठरवलं.

हलवाहलवीच्या रात्री जुन्या मशीनवर काम अगदी थोडं होतं. कोणत्या पत्त्यावरचं पत्र कुठे द्यायचं ते सांगणाऱ्या एलियासच्या फाइलमध्ये लिस्टच्या नावापुढची मेजरडोमोची ओळ काढायची, तिथे नवा पत्ता लिहायचा आणि तो बदल लागू करणारी 'न्यूएलियासेस' ही कमांड चालवायची. म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र आपोआप नव्याकडे जाणार. फाइलमधले सगळे पत्ते नव्या लिस्टमध्ये घातले, स्वागताची पत्रं जाणार नाहीत याची काळजी घेतली आणि पत्ता बदलल्याची सूचना सगळ्यांना पाठवली. लॉगवर नजर ठेवून बसलो. समोरून एकामागून एक 250 येत होते, म्हणजे त्या त्या सर्व्हरने पत्र स्वीकारलं. मोजके पत्ते मेलेले निघाले, पण ते जुन्या मशीनवरही मेलेलेच होते. कामाला नावं ठेवावीत असं काही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. "अहो, मंजुरीसाठी अडकलेली पत्रं वाढलीत. सभासद नसलेले लोक लिहितायत. आणि यांना मी ओळखते हो!"

मेजरडोमोवर ही लिस्ट खुली होती, कोणीही लिहू शके. स्पॅम वाढल्यामुळे नव्या जागी फक्त सभासदांनाच लिहिता येईल असं बाईंनी ठरवलं होतं. बाहेरच्याचं पत्र आलं की ते थांबवून ठेवायचं. मी ती थांबलेली पत्रं उघडली. स्पॅमच्या गर्दीत एका विद्यापीठातली चार-पाच नावं पुन्हा पुन्हा दिसत होती. एक पत्र 'मागे मी लिहिल्याप्रमाणे' असं सुरू होऊन थेट मायरा या रूपविकारी ताऱ्याच्या तेजावर गेलेलं. त्याच माणसाचं त्यानंतरचं पत्र दोन ओळींचं होतं: परवाच्या पत्राला कोणाचंच उत्तर नाही, लिस्ट बंद पडली का?

आता हे गृहस्थ मी नुकत्याच दुरुस्त केलेल्या संग्रहात सात-आठ वर्षं लिहीत होते. उत्तरंही द्यायचे, म्हणजे इतरांची पत्रं त्यांना मिळत होती. पण सभासदांच्या फाइलमध्ये त्यांचा पत्ता आत्ता नव्हताच, आणि मी जुने बॅकअप काढून पाहिले तर तेव्हाही कधी नव्हता. त्यांच्या विद्यापीठाच्या डोमेनचा फाइलमध्ये एकच पत्ता होता आणि तो माणसाचा वाटत नव्हता. आधी लिस्टचं नाव, मग एक डॅश आणि पुढे 'लोकल'.

कोडं तिथे सुटलं. नेटवर्कच्या लाइन मंद आणि महाग होत्या तेव्हाची ही रीत. एका ठिकाणी वीसजणांना लिस्ट हवी असेल तर वीस प्रती कशाला मागवायच्या? एकच प्रत मागवायची आणि आपल्या मशीनवर तिच्या वीस करायच्या. माझ्या फाइलमधला तो एक सभासद म्हणजे एक आख्खा विभाग होता.

मग पत्रं अडली कुठे? माझ्या लॉगमध्ये त्या पत्त्यासमोरही 250 स्वच्छ दिसत होतं. मी त्या विद्यापीठाच्या पोस्टमास्टरला लिहिलं. मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर या नावाचा पत्ता असलाच पाहिजे, हा नियम 1982 पासूनचा, आणि माझ्या मते मेलच्या सगळ्या नियमांत सर्वात माणुसकीचा. संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी ते 'लोकल' प्रकरण स्वतः मांडलेलं नव्हतं, त्यांच्या आधीच्या कोणीतरी केलं होतं. शोधल्यावर त्यांना प्रोकमेलची, म्हणजे आलेली पत्रं गाळून वाटणाऱ्या प्रोग्रॅमची, एक फाइल सापडली आणि ती त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली. पत्राच्या लिफाफ्यावर पाठवणारा म्हणून 'ओनर' ने सुरू होणारा जुन्या मशीनचा पत्ता असेल तरच ते विभागात वाटायचं. नसेल तर डेव्ह-नल, म्हणजे थेट शून्यात.

ईमेलला दोन प्रेषक असतात. एक आपल्याला वाचताना दिसतो तो. दुसरा लिफाफ्यावरचा, पत्र पोचलं नाही तर तक्रार कुठे परत करायची ते सांगणारा. लिस्टच्या पत्रात पहिला म्हणजे लिहिणारा सभासद, दुसरा म्हणजे लिस्टचं सॉफ्टवेअर. मेजरडोमोत हा दुसरा पत्ता 'ओनर' ने सुरू व्हायचा. मेलमन 2.1 मध्ये त्याच्या शेवटी 'बाउन्सेस' येतं, आणि मशीनचं नावही बदललेलं. त्यांच्या गाळणीच्या दृष्टीने आमची पत्रं म्हणजे कोणा तिऱ्हाइताचा कचरा. सर्व्हरने ती रीतसर घेतली, मला 250 दिलं आणि आत नेऊन टाकून दिली. पत्र परत आलं असतं तर मला त्याच रात्री कळलं असतं. ज्याला पत्र मिळत नाही त्याला आपल्याला पत्र मिळत नाही हे कळत नाही, त्याला वाटतं सगळे गप्प आहेत. त्या विभागातल्या बहुतेकांना तसंच वाटलं होतं, आणि पत्ता बदलल्याची आमची सूचनाही त्याच शून्यात गेली होती.

"गाळणीतली ओळ बदलू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बदला, पण त्या पत्त्यामागे आज किती जण आहेत तेही बघा. त्यांनी मोजले. सव्वीस. त्यांतले काही विद्यापीठ सोडून केव्हाच गेले होते आणि त्यांची पत्रं पुढे तिसऱ्याच ठिकाणी वळवली जात होती.

ओळ बदलल्यावर पत्रं सुरू झाली. मधल्या काळातल्या पत्रांची फाइल मी त्यांना पाठवून दिली. त्या डोमेनवरून लिहिणाऱ्यांना सभासद नसतानाही वाट द्यावी असा नियम मेलमनमध्ये घातला, आणि मायरावाल्या गृहस्थांचं अडकलेलं पत्र बाईंनी स्वतः सोडलं. त्याला त्याच दिवशी तिघांची उत्तरं आली, एकाने तर आकडेच चूक असल्याचं दाखवून दिलं.

त्यानंतर मी सभासदांची फाइल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, या वेळी माणसाचा न वाटणारा प्रत्येक पत्ता शोधत. असे आणखी तीन निघाले. दोघांच्या पोस्टमास्टरांनी उत्तर दिलं. तिसऱ्याकडून काहीच आलं नाही, पण तिथली दोन माणसं संग्रहात सापडली. त्यांना थेट लिहिलं तेव्हा एकाने लगेच स्वतःच्या नावाने सभासदत्व घेतलं.

एक गोष्ट मात्र महिना संपायच्या आत उरकावी लागली. तेव्हाचं मेलमन प्रत्येक सभासदाला पासवर्ड द्यायचं आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याची आठवण करून देणारं पत्र पाठवायचं. 'लोकल' पत्त्यावर ते गेलं असतं तर एकच पासवर्ड सव्वीस जणांच्या हाती पडला असता, आणि त्यातल्या कोणालाही तो वापरून उरलेल्या पंचवीस जणांना एका फटक्यात लिस्टबाहेर काढता आलं असतं. त्या चार पत्त्यांपुरती ती आठवण मी बंद केली.