उलटं-सुलटं : दोन मिनिटांचा प्रवास

विमान उलटं झालं की सगळ्यात आधी तोंडावर येते ती माती. आपल्या आधी बसून गेलेल्यांच्या बुटांची, सीटखालच्या सांधीकोपऱ्यांत महिनोन्महिने दडून बसलेली. सुपर डेकॅथलॉन हे दोघांनी एकामागे एक बसायचं, कापडाने मढवलेलं, वर पंख असलेलं विमान. छताला पारदर्शक खिडकी असते. विमान पालथं झालं की माती त्या खिडकीत जाऊन साचते आणि तिच्यातून खालची शेतं बघावी लागतात. बाकी सगळं ह्या विमानाचं मला आवडतं, पण ते आतून कुणी झाडत नाही याचा राग येतो तो येतोच.

राग स्वच्छतेसाठी नाही. जिथे माती राहते तिथे नाणं राहतं, पेन राहतं, एखादा सुटलेला स्क्रूही राहतो. उलटं झाल्यावर हे सगळं छतावर पडतं. सुलटं झाल्यावर मात्र आलं तिथे परत जात नाही. सीटमागून घरंगळत शेपटीकडे जातं आणि तिथे एलिव्हेटर-रडरच्या (नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या फळ्यांच्या) तारा आणि पुल्या असतात. एक पेन पुलीपाशी आडवं बसलं तर स्टिक (विमान चालवायचा हातातला दांडा) मागे येते पण पुढे जात नाही, आणि हे आपल्याला कळतं ते नेमकं पुढे ढकलायची वेळ आल्यावर. म्हणून चढण्याआधी खिसे रिकामे, घड्याळ-चष्मा घट्ट, मोबाइल खाली. बरोबर पेनं किती नेली ते मोजून जायचं आणि उतरल्यावर पुन्हा मोजायची.

पाहुणचाराचं म्हणाल तर पट्टे. इतकं वाईट आसन दुसऱ्या कुठल्या प्रवासात मिळणार नाही. पाठीला पॅराशूट, त्याचे पट्टे, त्यावर विमानाचे पाच पट्टे, आणि कमरेला आणखी एक जादा पट्टा. कमरेचा पट्टा आधी ओढायचा, पोटावरून नाही तर खाली, कमरेच्या हाडांवरून. खांद्याचे नंतर. उलट क्रमाने ओढले की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर खेचतात. तसं होऊ नये म्हणूनच मांड्यांमधून पाचवा पट्टा येतो. रॅचेट (पट्टा खटक्याखटक्याने आवळायचं साधन) दुखेपर्यंत आवळायचा, मग श्वास सोडून आणखी एक खटका. एवढं करूनही उलटं झाल्यावर माणूस बोटभर खाली येतोच. डोकं छताला लागतं, पाय पेडलवरून सुटायला बघतात. १९१३ साली फ्रेंच वैमानिक अडोल्फ पेगू यांनी ब्लेरिओ विमान मुद्दाम उलटं उडवायचं ठरवलं, तेव्हा आधी विमान जमिनीवरच उलटं टांगून ते त्यात लटकून बसले होते. शंभर वर्षांनंतरही यापेक्षा शहाणी पूर्वतयारी मला माहीत नाही.

पट्ट्यांचा एक धोका बोलला जात नाही. विमानाच्या पट्ट्यांची कडी आणि पॅराशूटच्या पट्ट्यांच्या कड्या हाताला जवळजवळ सारख्याच लागतात. उडी मारायची वेळ आली तर क्रम असा: दार उडवून द्यायचं, विमानाचे पट्टे सोडायचे, बाहेर पडायचं, मग दोरी ओढायची. घाईत भलतीच कडी सुटली तर पॅराशूट सीटवर आणि माणूस हवेत. जमिनीवर, इंजिन बंद असताना, डोळे मिटून हा क्रम हाताने तीनदा करून बघतात. कंटाळा येतो. तरी करतात.

उड्डाण, चढण, सरावाच्या जागेपर्यंत जाणं यात सांगण्यासारखं काही नाही. उंची चार-पाच हजार फूट, खाली वस्ती नाही, आजूबाजूला दुसरं विमान नाही हे बघायला एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळून घ्यायचं. उंची, सांगाडा, पट्टे, इंजिन, जागा, नजर, एवढी सहा कलमं वैमानिक दर वेळी मोठ्याने म्हणतात. अमेरिकेच्या नियमात १५०० फुटांखाली कसरतींना बंदी आहे. शिकणाऱ्याने तो आकडा आपला समजू नये. त्याची सगळी आवराआवर ३००० फुटांच्या वरच संपली पाहिजे.

आता ती दोन मिनिटं.

नाक क्षितिजाच्या वीसेक अंश वर. स्टिक थोडी पुढे, म्हणजे पंखावरचा भार हलका. मग स्टिक एका बाजूला पूर्ण. क्षितिज उभं राहतं, पलटतं, आणि विमान पालथं होताक्षणी स्टिक पुढे ढकलायची, ठामपणे, आणि तशीच धरून ठेवायची. पंखाचा वरचा आणि खालचा बाक अगदी सारखा नसेल तर उलट्या पंखाला वजन पेलायला जास्त कोन लागतो. म्हणून सरळ रेषेत उलटं उडतानाही नाक क्षितिजापासून आभाळाच्या बाजूला बरंच वर दिसतं. पहिल्यांदा ते चुकीचंच वाटतं. ते बरोबर दिसावं म्हणून हात ढिला सोडला की उंची गळायला लागते.

त्याच क्षणी नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर. साध्या विमानात तेल इंजिनाच्या तळाशी साचतं आणि पंप तळातून ओढतो. उलटं झालं की तळ कोरडा आणि पंपात हवा. कसरतीच्या विमानात तेल ओढायच्या जागा दोन असतात, खाली एक आणि वर एक, आणि मधल्या झडपेतल्या गोळ्या वजनाने सरकून ज्या बाजूला तेल आहे ती वाट उघडतात. गोळ्या सरकेपर्यंत काटा लवतो आणि परत येतो. दोन-तीन सेकंदांत परत आला नाही तर सुलटं व्हायचं, चर्चा नाही. पेट्रोलचंही तसंच. पंखातलं पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, आणि उलट्या विमानात ते खाली म्हणजे पंखातच राहतं. म्हणून एक छोटी वेगळी टाकी असते, तिच्यात टोकाला वजन लावलेली लवचीक नळी. पेट्रोल जाईल तिकडे नळी लोळते. डेकॅथलॉनमध्ये सलग उलट्या उड्डाणाला मर्यादा सुमारे दोन मिनिटांची. त्यानंतर सुलटं राहून टाकी भरू द्यायची आणि मगच पुन्हा.

सेस्ना १५२ एरोबॅटमध्ये यातलं काहीच नाही. कागदावर तिची ताकद अधिक ६, उणे ३ जी (१ जी म्हणजे आपलं रोजचं वजन, उणे म्हणजे तेच उलट्या बाजूने), आणि लोक तो उणे आकडा परवानगी म्हणून वाचतात. तो सांगाडा किती सोसेल याचा आकडा आहे, इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही. उलट्या अवस्थेत कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट भलत्या बाजूला जातो आणि इंजिन काही सेकंदांत खोकून गप्प होतं. सुलटं केल्यावर बहुधा चालू होतं, पण तेवढ्यात ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेल बाहेर जाऊन विमानाचं पोट माखलेलं असतं. कसरतीच्या विमानाचा पुढचा पंखा, म्हणजे प्रॉपेलरही, वेगळा: तेलाचा दाब गेला की पाती जाड कोनात जातात आणि फेरे कमी होतात. साध्या एक इंजिनी विमानात ती बारीक कोनात जातात आणि इंजिन बेफाम फिरतं.

हे सगळं यंत्राचं झालं. माणसाचा धोका उजव्या हातात असतो. डोक्यावर जमीन दिसली की हात आपसूक स्टिक मागे ओढतो, कारण आजवर मागे ओढलं की विमान जमिनीपासून दूर गेलंय. उलट्या विमानात मागे ओढणं म्हणजे नाक सरळ जमिनीकडे. मग तो अर्धा गोल पुरा करायला हजार फुटांहून जास्त उंची लागते, वेग वाढतच जातो, वेग वाढला की गोल मोठा होतो, आणि माणूस आणखी जोरात ओढतो. एक तर जमीन येते, नाही तर पंख तुटतो. कसरतींत माणसं मरतात ती बरीचशी याच एका ओढीने. उपाय बोलायला सोपा: थ्रॉटल (इंजिनाचा जोर) बंद, स्टिक पुढे म्हणजे निदान भार हलका, जवळच्या बाजूने गोल फिरवून सुलटं, आणि क्षितिज जागेवर आल्यावरच ओढणं. मागच्या सीटवरून ‘पुढे, पुढे, पुढे’ असं कोणी ओरडत असतानाही हात मागे येतो. माझाही येतो. उपजत बुद्धी म्हणतात ती हीच असेल तर ती विमानापर्यंत पोचलेली नाही.

वळणं तर वेगळीच गंमत. उलट्या विमानात नीट वळायचं तर हात एका बाजूला आणि पाय दुसऱ्या. वळण नीट आहे का ते दाखवणाऱ्या काचेतल्या गोळीकडे बघू नये, ती नळीच्या एका टोकाला जाऊन बसलेली असते. स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटत असल्याचा इशारा देणारा, भोंगाही मुका, कारण तो सुलट्या स्टॉलसाठी लावलेला असतो. म्हणजे उलटा स्टॉल न सांगता येतो, आणि त्यात रडर दाबलेलं असेल तर पुढे उलटी गिरकी. त्यात विमान कुठे वळतंय ते डोक्याकडे बघून कळत नाही. गोल फिरणं आणि नाक वळणं विरुद्ध दिशांना दिसतं. नजर नाकाच्या सरळ रेषेत ठेवायची. थ्रॉटल बंद, वळणाविरुद्ध रडर पूर्ण, मग स्टिक मागे. दिशा कळतच नसेल तर जे पेडल पायाला जास्त जड लागतं तेच दाबायचं.

डोक्यात रक्त उतरतं त्याबद्दल लोक फार विचारतात. उणे १ जी म्हणजे शीर्षासन, चेहरा फुगल्यासारखा होतो, एवढंच. उणे ३ च्या आसपास डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. पण खरी खोड त्यानंतर. डोक्यात दाब वाढल्यामुळे हृदय मंदावलेलं असतं; तेवढ्यात अधिक ४ ची ओढ बसली तर एरवी सहज सोसणारा माणूस बेशुद्ध होतो. उलट्यातून सुलट्यात येताना घाई नको ती यासाठी. मळमळ मात्र दहा मिनिटांनी, परतीच्या सरळ उड्डाणात येते, सगळं संपलंय असं वाटत असताना.

उलटं उडणं म्हणजे नुसता धोकाच असंही नाही. १९७० साली इंग्लंडमध्ये नील विल्यम्स यांच्या झ्लिन विमानाच्या पंखाचा जोड हवेत तुटला आणि पंख वर दुमडायला लागला. त्यांनी विमान उलटं केलं. आता हवेचा जोर उलट्या बाजूने आला आणि पंख जागेवर बसला. आगीच्या भीतीने पेट्रोल आधीच बंद केलं होतं म्हणून इंजिन बंद पडलं, ते पुन्हा सुरू केलं. उलटेच धावपट्टीपर्यंत आले, अगदी जमिनीलगत सुलटं केलं, पोटावर घसरले आणि चालत बाहेर आले.

आम्ही चाकांवर उतरलो. जी-मीटरचे, उड्डाणातल्या टोकाच्या आकड्यावर थांबून राहणारे, काटे अधिक ३.५ आणि उणे १.५ वर. पोटाखाली तेलाची एक बारीक रेघ, ती चालायची. पेनं मोजली. नेली होती दोन, हातात एक. म्हणून मागचं झाकण उघडलं, टॉर्च घेतला, शेपटीत आडवं होऊन बघितलं. एक पेन सापडलं, तारांच्या अगदी जवळ. ते आमचं नव्हतं. टॉर्च परत आत घातला.