परक्या मुलुखात आपल्या भाषेचा रेडिओ

स्थलांतरितांसाठीच्या रेडिओचा इतिहास वाचताना मला ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे वाटते. तेथे 1975 मध्ये सरकारने मेडिबँक ही सार्वजनिक आरोग्य विमा योजना आणली. पण इंग्रजी नीट न समजणाऱ्या ग्रीक, इटालियन, तुर्की आणि अरबी भाषक कुटुंबांपर्यंत तिची माहिती पोहोचवायची कशी, या प्रश्नातून त्याच वर्षी जूनमध्ये सिडनीत 2ईए आणि मेलबर्नमध्ये 3ईए ही रेडिओ केंद्रे सुरू झाली. प्रयोग थोड्या महिन्यांपुरताच ठरला होता. श्रोत्यांनी मात्र ही केंद्रे आपली मानली, आणि 1978 मध्ये त्यांच्यासाठी एसबीएस ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

पश्चिम जर्मनीत डब्ल्यूडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 1964 मध्ये कोलोनहून तुर्की कामगारांसाठी प्रसारण सुरू केले. त्यामागे आपुलकीइतकीच, हे कामगार साम्यवादी देशांची केंद्रे ऐकतील ही धास्तीही होती. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1965 मध्ये भारतीय व पाकिस्तानी स्थलांतरितांसाठी हिंदुस्तानीत कार्यक्रम आणला.

कोल्हापुरात राहून हे सारे दूरचे वाटत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातील कितीतरी कामगार राबतात. आपल्या देशात 2006 पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ, म्हणजे आपल्या परिसरापुरते छोटे केंद्र, चालवता येतो. तेव्हा मजुरी, अपघात विमा आणि सरकारी दवाखाना यांची माहिती भोजपुरीतून देणारा अर्धा तास इथेही रोज असावा, असे मला मनापासून वाटते.