हातचा न येणारा गुणाकार

आज दुपारपासून एकाच संख्येत गुंतले आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा १ शेजारीशेजारी लिहायचा आणि त्या संख्येचा वर्ग करायचा, की ही येते. सतरा अंकी. एकं, दहं, शतं म्हणत मोजत गेलं तर डावीकडचा १ 'मध्य'च्या घरात येतो. परार्ध अवघं एक घर पुढे.

ही गंमत बहुतेकांनी शाळेत पाहिलेली असते. पण गुणाकार हातानं मांडावाच. चौकटीच्या वहीत नऊ ओळी लिहिल्या, सगळ्या सारख्याच, फक्त प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे. मग उभी बेरीज. उजव्या टोकाला एकटा १, पुढच्या घरात दोन, मग तीन, असं करत अगदी मधल्या घरात नऊ, आणि तिथून उतरण. त्या घरात किती एक जमले, तोच उत्तरातला अंक. कुठेही हातचा नाही! दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ गायब.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो म्हटलं, ते जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण मला त्यांच्या डेम्लो संख्या जास्त जवळच्या वाटतात. एक शाळामास्तर रेल्वेच्या प्रवासात मनाशी आकडे मांडतो आणि स्टेशनाचं नाव संख्यांना देतो, याचं मला फार अप्रूप आहे.

हर्षद संख्याही त्यांच्याच: स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती. म्हणून आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज केली. ८१. भागून पाहिलं तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ही डेम्लोही आणि हर्षदही! कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. नऊ ओळींत नऊ-नऊ एक, हातचा नाही, म्हणून बेरीज ८१. आणि नऊ एकांच्या संख्येला ९ नं भाग जातोच, मग तिच्या वर्गाला ८१ नं जाणारच. भागाकारही पुन्हा वर्गच निघाला, १२३४५६७९ चा. आणि १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, दोन्ही मूळ संख्या.

मग धाकट्या भावंडांकडे वळले. दोन, चार, सहा, आठ एक घेतले तर अंकांची बेरीज सम येते आणि संख्या मात्र विषम, तिथेच विषय संपला. पाचाच्या वेळी बेरीज २५, पण संख्येच्या शेवटी १. सात एकांना सातानं भागलं तर बाकी १ उरते, म्हणून ४९ नंही जमत नाही. तीन एकांचा वर्ग १२३२१, बेरीज ९, भागाकार १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग. इथेही ३७! नऊपर्यंतच्या वर्गांत हर्षद फक्त तीनच: १, १२३२१ आणि ही.