न चालणाऱ्या पंपाचं बेअरिंग

स्टँडबाय, म्हणजे अडचणीला राखून ठेवलेला पंप सुरू केला आणि मोटरमधून खरखर ऐकू आली. बसवल्यापासून तो जेमतेम चाललेला, त्यामुळे झीज होईलच कशी, असं सगळ्यांचं म्हणणं. "ग्रीस मारा, आवाज जाईल," हा सल्ला लगेच मिळाला. आवाज दबतोही कधीकधी, पण रोग आत तसाच राहतो. मी मोटर उघडायला लावली.

बेअरिंग धुण्याआधी त्यातलं ग्रीस बोटावर घेतलं. रंग विटकरी, चिमटीत कचकच. मग आउटर रेस, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, कापली. बॉल फिरतात त्या पट्ट्यावर उथळ खड्डे, दोन बॉलमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर. लगेच संशय फिटरवर: बसवताना हातोडा हाणला असणार! तो बिचारा गप्प उभा.

भिंग लावलं. ठोका बसून पडलेल्या खड्ड्यात ग्राइंडिंगच्या मूळ बारीक रेघा बहुधा दिसतात, कारण धातू दबतो, निघून जात नाही. इथे रेघा साफ पुसलेल्या. म्हणजे ही झीजच होती, आणि फिटर सुटला.

दोन्ही पंप एकाच बेसफ्रेमवर. शेजारचा अहोरात्र चालायचा, त्याची थरथर या बंद पंपाच्या मोटरच्या शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, पोचायची. बॉल एकाच जागी सूक्ष्म हलत राहिले, मधलं ग्रीस बाजूला सरलं ते परत आलंच नाही. धातूवर धातू घासून निघालेला कण गंजतो आणि तोच पुढे पॉलिश पेपरसारखा घासत बसतो. विटकरी रंग त्याचाच.

वंगणाचा थर गतीमुळे तयार होतो, हे आपण विसरतो. १८८३च्या सुमारास इंग्लिश इंजिनिअर ब्यूशँप टॉवर यांनी रेल्वेच्या बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर फिरत्या शाफ्टने तेल त्यातून वर फेकलं. लाकडी बूच मारलं, तेही तेलाच्या दाबाने ढकलून बाहेर काढलं. १८८६मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्या दाबाचं गणित मांडलं. बॉल बेअरिंगमधला थर तर बऱ्याचदा एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. शाफ्ट फिरलाच नाही तर डबाभर ग्रीस भरूनही तो बनत नाही.

नवीन बेअरिंग बसवलं. पंप आलटून पालटून चालवायचं म्हटल्यावर प्रॉडक्शनवाले कुरकुरले, "चालता पंप कशाला बंद करायचा?" कापलेली रेस त्यांच्या टेबलावर ठेवली, मग सही मिळाली. स्टोअरमधल्या सुट्या मोटरींचे शाफ्टही आता अधूनमधून हाताने फिरवतो. शाफ्टवरची खडूची खूण दर वेळी वेगळ्या जागी थांबवायची, एवढीच अट.