सौरवाऱ्यातलं हेलियम: पावसाळ्यातली नोंद

मृग लागला की गोव्यात दुर्बीण गुंडाळून ठेवावीच लागते; या दमट हवेत भिंगांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. म्हणून यंदाचा पावसाळा फोंड्याच्या घरी नासाच्या ‘विंड’ यानाच्या आकड्यांत घालवला. 1994 साली सोडलेलं हे यान अजून सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे भारित कण, मोजतंय, आणि त्याच्या फॅराडे कपांचे (हे कण पकडून मोजणाऱ्या उपकरणांचे) वर्णपट कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. मला त्यातून एकच गोष्ट काढायची होती: प्रोटॉनांच्या मानाने हेलियम किती?

कपात एक जाळी असते. तिच्यावरचं व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला आयनांचा (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंचा) किती प्रवाह येतो ते नोंदवतात. सौरवाऱ्यातले आयन जवळपास एकाच वेगाने धावतात, सगळी गंमत इथेच आहे. सेकंदाला 400 किलोमीटर वेगाचा प्रोटॉन साधारण 835 व्होल्टला दिसतो. हेलियमचं केंद्रक चौपट जड, पण भारही दुप्पट. त्यामुळे ते 1670 च्या आसपास उमटतं. आलेखात प्रोटॉनांच्या डोंगरापलीकडे छोटीशी टेकडी उभी राहते. ती पहिल्यांदा स्वच्छ सुटी दिसली तेव्हा आनंद पोटात मावेना. झोपलेल्या भावाला उठवून दाखवली. मोजताना एक ध्यानात ठेवा: प्रवाह भाराचा असतो, म्हणून हेलियमच्या कणांची संख्या काढताना तो निम्मा करायचा.

सध्याच्या शांत दिवसांत मला 3 ते 4 टक्के मिळताहेत. 2008-09 च्या सौरकिमान काळातल्या (सूर्य सर्वात शांत असतानाच्या) संथ वाऱ्यात हाच आकडा 2 च्याही खाली येतो. सूर्याच्या पृष्ठभागावर हेलियम साडेआठ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे जड हेलियमला वर ओढून नेताना प्रोटॉनांची दमछाक होते, आणि बरंचसं मागेच राहतं.

मे 2024 च्या सौरवादळाने मात्र अडवलं. ‘विंड’चा कप 8 किलोव्होल्टपर्यंतच पोचतो. वेग सेकंदाला 900 किलोमीटरच्या वर गेला की प्रोटॉन सव्वाचार किलोव्होल्टला येतात आणि हेलियमची टेकडी खिडकीबाहेर जाते. शिवाय वारा तापला की दोन्ही उंचवटे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. इथे आपलं सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल1 यान कामाला येतं. त्यावरच्या अ‍ॅस्पेक्स या उपकरणातला स्विस (SWIS) हा भाग 20 किलोव्होल्टपर्यंत पाहतो, आणि त्याच्या एका विश्लेषकात चुंबक असल्यामुळे प्रोटॉन व हेलियम तिथेच वेगळे होतात. इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवरून त्या दिवसांच्या फायली घेतल्या आहेत. आता त्याच तासांचे दोन्ही आकडे शेजारी मांडायचे आहेत.

त्यानंतर ऑक्सिजन. सहा आणि सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचं गुणोत्तर सूर्याजवळच गोठतं, पुढे बदलत नाही, त्यामुळे प्रभामंडळाचं (सूर्याच्या बाहेरच्या तप्त वातावरणाचं) तापमान त्यावरून कळतं. पण नुसत्या व्होल्टेजने ते जमत नाही: सहा इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन नेमका हेलियमच्याच जागी पडतो. त्यासाठी आयनाचा उड्डाणकाळ (ठरलेलं अंतर कापायला लागणारा वेळ) आणि ऊर्जा दोन्ही मोजणारं, नासाच्या ‘एस’ (ACE) यानावरचं स्विक्स हे उपकरण लागेल. त्याच्या फायली वाचणारा पायथन कोड कोणाकडे असेल तर कळवा, मी माझा हेलियमचा कोड देतो.